तालमीच्या कॅसेटसाठी इन-इअर मॉनिटर की मोठे हेडफोन : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

बुवांच्या गायनाच्या तालमीच्या ७३ कॅसेट आज घरी आल्या. दादांनी त्या दोन पत्र्याच्या पेट्यांमध्ये वर्षांप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. सर्वांत जुनी १९८३ ची आहे आणि शेवटची १९९६ ची, म्हणजे बुवांचा आवाज थकल्यानंतरची. साठ आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेट जवळजवळ निम्म्या-निम्म्या असल्यामुळे एकूण ध्वनिमुद्रण नव्वद तासांच्या आसपास भरेल. प्रत्येक बाजू एकदा संगणकात उतरवताना आणि एकदा दुरुस्ती करताना पूर्ण ऐकावी लागणार, तेव्हा कमीत कमी १८० तास हे काम माझ्या कानांना करायचे आहे.

सदाशिव पेठेतल्या दहा बाय अकराच्या खोलीत स्पीकर लावून हे जमणार नाही. भिंती उघड्या आहेत, खाली वाहता रस्ता आहे आणि मला बसायला मिळते ती वेळ पहाटेची. ऐकण्याच्या साधनासाठी ३५,००० रुपये बाजूला काढले आहेत. दोन हजारांचे इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या नलिकेत बसणारे छोटे इअरफोन, वीस हजारांच्या हेडफोनच्या तोडीचे वाजतात, असे हल्ली पुष्कळ जण खात्रीने सांगतात. त्या म्हणण्यात किती तथ्य आहे, हे मला या एका कामापुरते तपासायचे आहे.

४ जून

तपासणीसाठी चार साधने जमली. कानात बसणाऱ्या दोन जोड्या आहेत. पहिली १,८०० रुपयांची, एकच दहा मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे लहान स्पीकरसारखा पडदा, असलेली. दुसरी १२,५०० रुपयांची, तिच्यात डायनॅमिक ड्रायव्हरच्या जोडीला बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे श्रवणयंत्रात असतात तसे चिमुकले ड्रायव्हर आहेत. नोंदींमध्ये यांना धाकटी आणि थोरली म्हणेन. मोठ्या हेडफोनांपैकी सोनीचे एमडीआर-७५०६ हे बंद पाठीचे आहेत. सेन्हायझरचे एचडी ६०० हे उघड्या पाठीचे असून ते एका मैत्रिणीने दोन महिन्यांसाठी दिले आहेत.

एमडीआर-७५०६ बाजारात आले ते १९९१ साली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील एटिमोटिक रिसर्चने ईआर-४ आणले. श्रवणयंत्रातले बॅलन्स्ड आर्मेचर संगीत ऐकण्यासाठी कानाच्या नलिकेत खोलवर बसवण्याचा तो प्रयोग होता. रंगमंचावरच्या इन-इअर मॉनिटरची वाट वेगळी. १९९५ च्या सुमारास जेरी हार्वे यांनी ते वादकांच्या कानाच्या साच्यावरून बनवायला सुरुवात केली. भोवतालच्या गोंगाटात वादकाला स्वतःचे वाजवणे ऐकू यावे, हा त्यामागचा हेतू होता. म्हणून नावात ‘मॉनिटर’ आहे एवढ्यावरून ते साधन ध्वनिमुद्रण पारखण्यासाठी घडवले आहे, असे समजता येत नाही. एचडी ६०० हे १९९७ चे आहेत आणि आजही बनतात.

८ जून

आजचा सगळा वेळ पातळी जुळवण्यात गेला. दोन साधनांमधले एक जेमतेम एका डेसिबेलने मोठे वाजत असेल, तर कानाला ते मोठे वाटत नाही, चांगले वाटते, आणि तुलना तिथेच बिघडते. कानाच्या प्रतिकृतीत साधन बसवून मोजण्याची सोय माझ्याकडे नाही. म्हणून ५०० ते २,००० हर्ट्झच्या पट्ट्यातला पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट, एका स्पीकरवर ७० डेसिबेलला लावला, ध्वनिमापकाने खात्री केली आणि प्रत्येक साधन घालून-काढून त्याची पातळी त्या आवाजाशी जुळेपर्यंत कमीजास्त केली. चारही साधनांच्या खुणा इंटरफेसच्या (संगणकाला जोडलेल्या ध्वनियंत्राच्या) बटणावर पेन्सिलीने केल्या आहेत.

हे करताना एक जुनी समजूतही तपासून झाली. एचडी ६०० चा रोध (इम्पिडन्स, विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) ३०० ओम असल्यामुळे त्यांना स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतोच, असे मी ऐकत आले होते. १ व्होल्टला ते सुमारे १०० डेसिबेल देतात, आणि फोनला हेडफोन जोडायचे साधे यूएसबी डोंगलही तेवढा व्होल्ट देते. शिखरपातळीपर्यंत उचललेल्या ध्वनिमुद्रणाला ते पुरते. पण कॅसेट उतरवताना मी बारा डेसिबेलची जागा मोकळी ठेवते आणि गायनाची सरासरी शिखरापासून आणखी वीस-पंचवीस डेसिबेल खाली असते, तेव्हा मात्र डोंगल अपुरे पडले. इंटरफेसवर काम भागले. धाकट्या जोडीची अडचण याच्या अगदी उलट निघाली. ती इतकी संवेदनशील आहे की काहीच वाजत नसताना इंटरफेसची स्वतःची सळसळ तिच्यात ऐकू येते. कॅसेटची सळसळ पारखायची असताना साधनाची सळसळ तिच्यात मिसळणे मला चालणार नव्हते, म्हणून धाकटी यापुढे डोंगलवरच लावायची.

थोरल्या जोडीचा रंग डोंगलवर एक आणि इंटरफेसवर दुसरा वाटला. अनेक ड्रायव्हर असलेल्या साधनाचा रोध वारंवारतेप्रमाणे बराच वरखाली होतो आणि इंटरफेसचा निर्गम रोध (त्याच्या हेडफोनच्या टोकाचा स्वतःचा रोध) जास्त असला की त्याचा परिणाम थेट स्वरावर होतो. साडेबारा हजार मोजल्यावर हा प्रश्न शिल्लक राहणे मला पटले नाही.

१३ जून

तानपुऱ्याची चाचणी. बुवांचा मिरजेचा तानपुरा दादांनी गेल्या वर्षीच माझ्याकडे दिला. तो काळी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावून अर्धा तास वाजवला आणि त्याच खोलीत, त्याच जागेवरून ध्वनिमुद्रित केला. मग एकेका साधनावर ऐकून लगेच खरा तानपुरा छेडायचा, अशी फेरी तीनदा केली.

या वाद्याइतकी कठोर परीक्षा दुसरी सुचत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले होते की रुंद, किंचित वळणदार घोडी आणि तिच्यावरचा धागा यांमुळे तानपुऱ्याची तार नेहमीचा नियम पाळत नाही. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वराचा (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुराचा) स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, असा तो नियम आहे. तानपुऱ्यात तोही उमटतो. जवारी, म्हणजे त्या घोडीमुळे उमटणारा झणकार, उघडते तेव्हा हे उपस्वर एकामागून एक वर चढत जातात आणि साधनाच्या मध्यपट्टीत कुठे खड्डा किंवा उंचवटा असेल तर त्या चढणीत पायरी निसटल्यासारखी होते.

काळी एकच्या जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्झच्या आणि खर्ज ६९.३ चा. खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार म्हणजे त्याचा पाचवा उपस्वर, ३४६ हर्ट्झच्या जवळचा. तो चारही साधनांनी स्वच्छ दाखवला, त्यामुळे गंधारावरून निवड करता येणार नाही. फरक दिसला तो दोन ते सहा हजार हर्ट्झमध्ये. एचडी ६०० वर जवारीची चढण सर्वांत अखंड होती. धाकटी जोडी तिच्या फार जवळ पोहोचली, इतकी की पहिल्या फेरीत माझा विश्वास बसला नाही आणि पुन्हा ऐकावे लागले. ७५०६ वर वरच्या टोकाला धार आली, तार धातूची आहे हे जास्तच जाणवले. थोरलीत जवारी सुंदर वाटली, पण खोलीतल्या तानपुऱ्यापेक्षा जास्त सुंदर वाटली, आणि मला ते नको आहे.

दोन हजारांच्या आतले साधन इतके पुढे कसे गेले, याचे कारण उघड आहे. कानाची नलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि पडद्यापाशी बंद असते. तिच्या आणि बाहेरच्या कानाच्या अनुनादामुळे ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपल्याला दहा डेसिबेलहून अधिक वाढून मिळतो. नलिकेचे तोंड बंद केले की ही नैसर्गिक वाढ मोडते आणि ती निर्मात्याला स्वतःहून घालावी लागते. ती किती घालायची, याचे उत्तर पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने देत असे. हरमन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ पासून ऐकणाऱ्यांच्या पसंतीवरून लक्ष्यवक्र, म्हणजे कोणती वारंवारता किती मोठी वाजावी याचे आराखडे, प्रसिद्ध केले, पुढे कानात बसणाऱ्या साधनांसाठी वेगळा वक्र आला आणि मोजमापाची यंत्रेही स्वस्त झाली. डोक्यावरची पट्टी नाही, गाद्या नाहीत, एकच ड्रायव्हर आणि एक लहान कवच. अशा साधनात योग्य वक्र गाठायला आता फार खर्च येत नाही.

१७ जून

आजच्या निरीक्षणाने प्रकल्पाचा प्रश्नच बदलला, म्हणून सविस्तर लिहिते.

धाकटी जोडी पाच वेळा काढून पाच वेळा पुन्हा घातली आणि दर वेळी २० ते २०० हर्ट्झचा चढता सूर ऐकला. तीन वेळा तो तळापासून सलग ऐकू आला, एकदा ६० च्या खाली उतरल्यावर विरला आणि एकदा फक्त उजव्या कानात विरला. सिलिकॉनची टोपी नलिकेत हवाबंद बसली, तर आतली हवा जेमतेम एक-दोन घन सेंटिमीटर असते आणि चिमुकला पडदाही २० हर्ट्झपर्यंत सपाट दाब देऊ शकतो. केसाएवढी फट राहिली तरी तो दाब गळून जातो. शिवाय टोपी किती खोल गेली यावर वरच्या टोकाचे शिखर सरकते, ते वेगळेच.

बुवांचा टेपरेकॉर्डर मोनो होता. त्यामुळे आवाज दोन्ही कानांच्या बरोबर मधोमध असायला हवा. तो डावी-उजवीकडे डोलू लागला तर डेकच्या हेडचा कोन चुकला आहे किंवा फितीवरचा थर झिजला आहे, असा त्याचा अर्थ. आज सकाळी मी दुसऱ्या कॅसेटवर हेडचा स्क्रू वीस मिनिटे फिरवत बसले होते. दोष हेडमध्ये नव्हताच, उजव्या कानातली टोपी नीट बसली नव्हती.

७५०६ मध्ये हाच दोष चष्म्यामुळे आला. गादी आणि कानशील यांच्यामध्ये चष्म्याची काडी आली की खालचे स्वर पातळ होतात, काढली की परत येतात. मला चष्म्याशिवाय पडद्यावरची ध्वनिरेषा दिसत नाही. एचडी ६०० वर चष्मा घालून आणि काढून फारसा फरक पडला नाही, कारण ते मुळातच उघडे आहेत आणि हवाबंदपणावर त्यांचा खालचा स्वर फारसा अवलंबून नाही. त्याची किंमत त्यांनी आधीच मोजलेली आहे, त्यांचा खालचा स्वर १०० हर्ट्झच्या खाली हळूहळू उतरतच जातो.

आतापर्यंत मी कोणते साधन खरे वाजते हे शोधत होते. यापुढे कोणते साधन उद्याही आजच्यासारखेच वाजेल हे शोधायचे आहे. तिसऱ्या कॅसेटवर जूनमध्ये घेतलेला निर्णय आणि साठाव्या कॅसेटवर डिसेंबरमध्ये घेतलेला निर्णय एकाच मापाने घेतलेला असला पाहिजे.

२९ जून

भाच्याच्या मदतीने दोष शोधण्याची चाचणी घेतली. आवडीनिवडीची चाचणी डोळे बांधून घेता येत नाही, कारण कानात काहीतरी आहे की डोक्यावर, हे स्पर्शाने कळतेच. हरमनच्या संशोधकांनी यावर उपाय म्हणून एकाच हेडफोनवर इतरांचे वक्र घालून ऐकवले होते. आमच्या घरी ते शक्य नाही. म्हणून साधन माहीत असले तरी उत्तर माहीत नसेल, अशी रचना केली. भाच्याने वीस मिनिटांच्या स्वच्छ तुकड्यात तीस दोष लपवले, दहा बारीक टकटकी, दहा ठिकाणी ५० आणि १०० हर्ट्झचा हम (विजेच्या ५० हर्ट्झमुळे येणारी घरघर) आणि दहा ठिकाणी क्षणभर एका बाजूची पातळी कमी. प्रत्येक साधनासाठी त्याने जागा बदलल्या.

टकटकी ७५०६ वर सर्वांत जास्त सापडल्या, दहापैकी नऊ. १३ तारखेला ज्या धारेची तक्रार केली तीच इथे उपयोगी पडली. हम धाकटीवर आठ ठिकाणी सापडला, एचडी ६०० वर चारच ठिकाणी. बाजू सरकल्याचे दोष एचडी ६०० वर सात, थोरलीवर सात, ७५०६ वर सहा आणि धाकटीवर आठ.

३ जुलै

तीच चाचणी, जागा बदलून, साधनांचा क्रम उलटा करून. एचडी ६०० आणि ७५०६ यांचे आकडे एक-दोनाने हलले. धाकटीवर हम आठवरून पाचवर आला आणि नसलेले तीन बाजूचे दोष मी असल्याचे नोंदवले. नंतर चढता सूर लावून पाहिला, डावी टोपी पूर्ण बसलेली नव्हती. ती पुन्हा बसवून तेवढाच भाग ऐकला आणि हम परत सापडला. ऐकण्यापूर्वी दर वेळी तो सूर लावायचा, हा नियम आजपासून.

१२ जुलै

नदीकाठी ढोल-पथकांचे सराव सुरू झाले आहेत. संध्याकाळी सातनंतर एचडी ६०० वर काहीही पारखणे अशक्य होते, उघड्या पाठीतून बाहेरचे सगळे आत येते. ७५०६ ताशाचा आवाज बऱ्यापैकी अडवतात. कानात बसणारी जोडी तो जवळजवळ नाहीसा करते, ढोलाचा खालचा घुमारा मात्र तिच्यातूनही येतो, कारण खालच्या वारंवारता अडवणे जास्त कठीण असते.

अडवणुकीचा संबंध कानांच्या आरोग्याशीही आहे. काल संध्याकाळी ७५०६ वर पेन्सिलीची खूण ओलांडून मी बटण किती फिरवले होते, हे काम संपल्यावर पाहिले आणि मला खरोखर काळजी वाटली. प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबेल ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे आणि पातळी तीन डेसिबेलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. गोंगाटात उघडे साधन वापरून आवाज वाढवत जाण्यापेक्षा त्या वेळी बंद साधन घ्यावे किंवा काम थांबवावे.

दुसऱ्या बाजूने, सलग दीड तासानंतर कानात बसणारी जोडी मला नकोशी होते. पावसाळी दमट हवेत नलिका ओलसर राहते आणि गेल्या आठवड्यात डाव्या कानाला खाज सुटल्यामुळे दोन दिवस थांबावे लागले. शिवाय कान बंद असताना स्वतःचे गुणगुणणे डोक्यात घुमते. मला एखादी जागा समजून घेण्यासाठी बुवांबरोबर म्हणून पाहावे लागते आणि ते त्यात होत नाही. २६० ग्रॅमचे एचडी ६०० तीन तास डोक्यावर असूनही मी त्यांना विसरले होते.

२० जुलै

मोलाचा हिशेब. नुसत्या स्वराच्या खरेपणाला किंमत लावायची तर धाकटीसमोर कोणीही टिकत नाही, हे मी निःसंकोच लिहिते. ज्याला प्रवासात, वसतिगृहात किंवा मर्यादित पैशांत चांगले संगीत ऐकायचे आहे त्याला मी दुसरे काही सुचवणार नाही. पण तिची वायर कवचात पक्की जोडलेली आहे आणि ती तुटली की पूर्ण जोडी टाकून द्यावी लागते. कानातल्या मळाने पुढची जाळी बुजली तर आवाज एका बाजूला मंद होत जातो, आणि तो इतका सावकाश होतो की लक्षातही येत नाही. एचडी ६०० ची वायर, गाद्या, पट्टीचे अस्तर आणि ड्रायव्हरसुद्धा हाताने काढून बदलता येतात. मैत्रिणीची जोडी अकरा वर्षांची आहे. तिने दोनदा गाद्या बदलल्या, कारण गाद्या दबल्या की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि स्वर बदलतो. तो खर्च हिशेबात धरलाच पाहिजे.

थोरली जोडी परत केली. तिने धाकटीच्या सातपट पैशांत या कामापुरते काहीच जास्त दिले नाही.

२ ऑगस्ट

निर्णय झाला. मैत्रिणीने एचडी ६०० मला १६,००० रुपयांना दिले, नव्या गाद्यांसह. मुख्य काम त्यांच्यावर, पहाटे पाच ते साडेसात, पंखा बंद ठेवून. धाकटी प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला हम तपासण्यासाठी आणि ढोलाच्या दिवसांत संध्याकाळच्या उजळणीसाठी. ७५०६ विकत घ्यावेत असे टकटकींच्या आकड्यांमुळे दोन दिवस वाटत होते, पण टकटकी ध्वनिरेषेवर डोळ्यांनाही दिसतात. चष्मा काढून ऐकण्याची अट मला पाळता येणार नाही. उरलेले पैसे डेकचे पट्टे आणि रबरी चाक बदलण्यासाठी ठेवले.

१० ऑगस्ट

नववी कॅसेट, १९८७. एचडी ६०० वर स्वच्छ वाटली. बुवा नेहमीपेक्षा चढे गात आहेत असे वाटले, पण त्या वर्षी त्यांचा आवाज खुला होता असे समजून मी पुढे जाणार होते. नियमाप्रमाणे चढता सूर तपासून धाकटी घातली, तर खाली अखंड हम होता आणि तो आपल्या नेहमीच्या जागी नव्हता. मोजला तेव्हा ५२ हर्ट्झ निघाला. डेक आम्ही गेल्याच आठवड्यात तपासलेला आहे, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपरेकॉर्डर सुमारे चार टक्के सावकाश फिरत होता. काळी एक ते पांढरी दोन या अंतराच्या जवळजवळ दोन तृतीयांश एवढा तो फरक आहे.

त्या काळी विजेची वारंवारता ५० वर स्थिर राहत नसे, त्यामुळे हमवर एकट्यावर विसंबता येत नाही. दादांना सकाळी फोन केला. बुवांची बाजाची पेटी (हार्मोनियम) अजून त्यांच्याकडे आहे आणि तिच्या पट्ट्यांना कोणी हात लावलेला नाही. त्यांनी काळी एक दाबून धरली, भाच्याने तिथे जाऊन ती ध्वनिमुद्रित केली, आणि कॅसेटमधल्या पेटीशी ताडून पाहिले तेव्हा फरक साडेतीन टक्के आला. गती तेवढी उतरवून कॅसेट पुन्हा लावली आणि बुवांचा षड्ज खाली आपल्या जागी येऊन बसला.

हम काढण्याची गाळणी मी उतरवतानाच लावत होते, म्हणजे गती तपासण्याची ही खूण मीच पुसत होते. पहिल्या आठ कॅसेटची मूळ प्रत गाळणीशिवाय पुन्हा उतरवायची आहे. उद्यापासून पहिल्या कॅसेटची ‘अ’ बाजू.